वाक्प्रचाराचं पुढचं अर्धं

"अ फिश," काकू म्हणाल्या आणि साबणाने भरलेला ब्रश त्यांनी सरांच्या हनुवटीपाशी थांबवला.

"आउट ऑफ वॉटर," सर म्हणाले.

उच्चार अगदी स्वच्छ. सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूच्या झटक्यात तोंडाची उजवी बाजू खाली ओढली गेली होती, चहा त्या कोपऱ्यातून ओघळायचा. पण हे शब्द मात्र तिथूनच वाट काढून नीट बाहेर यायचे. काकूंनी ब्रश गालावर फिरवला. "वन्स इन," त्या म्हणाल्या. "अ ब्लू मून," सर म्हणाले. आठ-दहा वाक्प्रचारांत एका गालाची दाढी होत असे. आज काकूंनी वस्तरा फार जपून चालवला, कारण आज कुठे कापलेलं दिसायला नको होतं. अकरा वाजता बोलण्याची डॉक्टर येणार होती.

हे नाव काकूंनीच ठेवलेलं. लेकीने फोनवर 'स्पीच थेरपिस्ट' असं सांगितलं होतं, पण काकूंना ते जड वाटलं. हाडांचा डॉक्टर असतो, दातांचा असतो, तशी ही बोलण्याची.

लेक आदल्या संध्याकाळी एक बॅग घेऊन आली होती. बॅगेत चार कपडे आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहाचा फॉर्म. तिने तो लपवला नाही. सरळ टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"आई, ठरलंय तसंच करायचं," ती म्हणाली होती. "त्या बाई येऊन बघतील. बाबा खरंच बोलत असतील तर हा कागद मी तुझ्यासमोर फाडते, आणि आपण दिवसरात्र माणूस ठेवू. नसतील बोलत, तर तू अडवायचं नाहीस."

"नाही अडवणार," काकू म्हणाल्या होत्या. "पण ते बोलतात."

लेकीचंही चुकत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी सरांना न्हाणीघरातून उठवताना काकूंचा पाय घसरला आणि दोघंही ओल्या फरशीवर पडली. शेजारीण हाका ऐकून येईपर्यंत दोन तास गेले. काकूंचं वय एकाहत्तर, सरांचं अठ्ठ्याहत्तर, आणि सरांचं वजन आजारातसुद्धा काकूंच्या दीडपट. तेव्हापासून लेक शुश्रूषागृहाचं म्हणत होती आणि काकूंचं एकच उत्तर होतं. मुका झालेला माणूस असता तर गोष्ट वेगळी. बोलत्या माणसाला मी परक्यांत नेऊन टाकणार नाही.

या घराच्या पुढच्या खोलीत एकतीस वर्षं सरांचा इंग्रजीचा वर्ग चालला. संध्याकाळी सहा ते आठ. खात्याच्या परीक्षेला बसणारे कारकून यायचे, परदेशी जायची आस धरलेल्या नर्स यायच्या, दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली, एकदा तर एक बस कंडक्टर सलग तीन वर्षं येत होता आणि दर वर्षी नापास होत होता. व्याकरण शिकवणारे गल्लोगल्ली होते. सर फक्त वाक्प्रचार शिकवायचे. त्यांची पद्धतही त्यांचीच. आधी पहिलं अर्धं सर म्हणायचे, मग खडू धरलेला हात वर करून थांबायचे, आणि पुढचं अर्धं सगळ्या वर्गाने एका आवाजात म्हणायचं. "बाय हुक." हात वर. "ऑर बाय क्रुक." मग अर्थ, मग उपयोग.

"अर्थ कळला म्हणजे भाषा आली असं समजू नका," सर सांगायचे. "कुठे वापरायचा आणि कुठे तोंड मिटून बसायचं, हे कळलं म्हणजे आली."

सरांनी वर्गासाठी स्वतः लिहिलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या दोन पानांवर बोलीतले चावट, रांगडे शब्दप्रयोग असायचे. ती पानं शिकवताना सरांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा व्हायचा आणि वर्गात सगळ्यांत जास्त हशा तेव्हाच पिकायचा. ही रस्त्यावरची भाषा, कानाला कळली पाहिजे, जिभेवर येता कामा नये, असं ते बजावत. 'किक द बकेट', म्हणजे मरणं, आला की नर्सना मुद्दाम उभं करून सांगत की पेशंटच्या माणसांसमोर हे चुकून जरी म्हणालात तर दुसऱ्या दिवशी घरी बसाल.

काकूंचं शिक्षण सातवीपर्यंतचं. वर्गात त्या कधी बसल्या नाहीत. त्या आत भाजी चिरत असायच्या आणि मधल्या दारातून पहिलं अर्धं सरांच्या आवाजात आणि पुढचं अर्धं चाळीस गळ्यांतून त्यांच्या कानावर पडायचं. एकतीस वर्षं रोज पडत राहिलं तर दगडालाही पाठ होईल. शिवाय सरांच्या पुस्तिकेच्या प्रती काढायचं काम त्यांच्याकडे होतं. सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवून फिरवून त्यांच्या नखांत शाई इतकी मुरली होती की पाहुण्यांना वाढताना त्या बोटं आत दुमडून घ्यायच्या. पण त्या पानांवर लिहिलंय काय, हे त्यांनी कधी वाचलं नव्हतं. सरांनीही कधी सांगितलं नव्हतं. सर त्यांना 'अगं' म्हणून हाक मारायचे. "अगं, पाणी." "अगं, प्रती झाल्या का?" त्या 'अगं'च्या पुढे चार शब्द असले तर तो दिवस गप्पांचा म्हणायचा.

आजाराने तो 'अगं'सुद्धा नेला. दवाखान्यातून घरी आणल्यावर दोन महिने सरांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग एका दुपारी काकू चादरींच्या घड्या घालत होत्या. एक चादर काही केल्या चौकोनात येईना. त्यांना एकट्याने काम करताना पुटपुटायची सवय होती आणि तोंडात नेहमी सरांच्याच वर्गातलं काही यायचं. "बाय हुक," त्या चादरीला म्हणाल्या.

"ऑर बाय क्रुक," पलंगावरून आवाज आला.

काकू चादर घेऊनच खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी आठवतील तेवढी सगळी पहिली अर्धी म्हटली आणि सरांनी एकही पुढचं अर्धं चुकवलं नाही. जेवणाची शुद्ध दोघांनाही राहिली नाही. संध्याकाळी काकूंनी माळ्यावरून पुस्तिकांचा गठ्ठा काढला, चष्मा पुसला आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिल्या पानापासून अर्थ वाचायला सुरुवात केली.

अर्थ मराठीत होते म्हणून निभावलं. उदाहरणाची वाक्यं इंग्रजीत होती, ती त्या अक्षर अक्षर लावून आणि शेजारणीच्या नातीला विचारून वाचत. त्या वाक्यांत साहेब होते, कारकून होते, भांडखोर शेजारी होते. बायको एकदाच होती. 'ब्लो हॉट अँड कोल्ड', म्हणजे घडीत एक आणि घडीत दुसरंच बोलणं. त्याच्या उदाहरणात नवरा सांगत होता की माझी बायको अशीच आहे, तिचा काही भरवसा नाही. काकूंना हसू आलं. हे वाक्य आपण स्वतः एका वेळी साठ-साठ प्रतींत छापून दिलं आणि पोरापोरींनी ते पाठ केलं.

अर्थ कळू लागले तसा काकूंना एक मार्ग दिसला. सरांच्या डोक्यात सगळं शाबूत आहे, फक्त मोठा रस्ता बंद पडलाय आणि ही एक बोळ उघडी राहिलीय, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग जे बोलायचं ते या बोळीतून न्यायचं. रविवारी लेक फोनवर चेहरा दाखवून बोलायची. काकू फोन सरांसमोर उभा करायच्या आणि स्वतः त्याच्या मागे बसायच्या.

"बाबा, झोप लागली का?" लेक विचारायची.

"स्लीप लाइक," काकू मागून हळूच म्हणायच्या.

"अ लॉग," सर म्हणायचे. ओंडक्यासारखी, म्हणजे गाढ.

आई काळजी घेते ना, असं विचारलं की काकू "थ्रू थिक" म्हणायच्या आणि "अँड थिन" येई. बऱ्या-वाईट सगळ्या दिवसांत. ही लबाडी आहे असं काकूंना एकदाही वाटलं नाही. दुभाषी नाही का दोघांच्या मध्ये बसत, तसं. पण लेक याच घरात वाढली होती, तिचेही कान त्याच दाराने भरले होते. तिसऱ्या रविवारी तिने विचारलंच, आई, तू मागून काय पुटपुटतेस? काकू म्हणाल्या, औषधाच्या बाटलीवरचं वाचत होते. त्यानंतर लेकीने बोलण्याच्या डॉक्टरचं नाव काढलं.

लेकीला पटवायचं म्हणून काकू हे करत होत्या, पण खरी आस वेगळीच होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. रोज एवढी पुढची अर्धी येतात, तर एक दिवस कोणी काही न म्हणता त्या तोंडातून नुसतं 'अगं' येईल, असं त्यांना वाटे. आज आलं तर किती बरं होईल, असं दाढी पुसताना त्यांच्या मनात आलं.

डॉक्टरबाई बरोबर अकराला आल्या. वय फार नव्हतं, लेकीपेक्षा लहानच. खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची पुढे ओढून त्या सरांच्या डोळ्यांसमोर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून एक कप, एक कंगवा आणि एक किल्ली काढून टेबलावर मांडली.

"सर, कंगवा कुठला, दाखवता?"

सरांनी तिन्ही वस्तूंकडे पाहिलं आणि मग डॉक्टरबाईंकडे. चेहरा आपुलकीचा, जणू एखाद्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारलाय पण तो आजच्या पाठातला नाही. डॉक्टरबाईंनी कप विचारला, किल्ली विचारली, सरांचं स्वतःचं नाव विचारलं. सर तसेच बघत राहिले.

"असं नाही विचारायचं त्यांना," काकूंना राहवलं नाही. "त्यांची पद्धत वेगळी आहे. मी दाखवते." आणि त्या पुढे वाकून म्हणाल्या, "मेक बोथ."

"एंड्स मीट," सर म्हणाले.

"बघा."

"हो, सुरेख म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी सरांना विचारलं, "सर, तुमच्या मिसेस कुठे आहेत? बोट दाखवा पाहू."

काकूंनी पाठ ताठ केली. त्या आज इस्त्रीचे कपडे घालून बसल्या होत्या. एका बाजूला त्या, मध्ये डॉक्टरबाई, पलीकडे लेक. सरांची नजर तिघींवरून सावकाश फिरली, नव्या वर्गावरून फिरायची तशी. कोणापाशी थांबली नाही. मग त्यांचा चालता डावा हात वर आला. अंगठा आणि तर्जनी जुळलेली, मध्ये खडू धरल्यासारखी. हात वर धरून ते थांबले. काकूंनी बोट कुणाकडे वळतंय ते बघितलं. कुणाकडेच वळलं नाही.

डॉक्टरबाईंनी पुस्तिका मागून घेतली. आपल्या मोबाइलवर त्यांनी एका पानावरची पहिली अर्धी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली, प्रत्येकानंतर थोडी जागा सोडून. मोबाइल आपल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, चालू केला आणि म्हणाल्या, "आपण तिघी जरा बाहेर उभ्या राहू या."

"कशाला?" काकूंनी विचारलं.

"दोन मिनिटं फक्त."

बाहेरच्या बोळकांडीत चपलांचा स्टँड होता, विजेचा मीटर होता, आणि तिघींना जेमतेम उभं राहता येईल एवढी जागा. आतून डॉक्टरबाईंचाच आवाज आला, थोडा पत्र्यासारखा. "बिट्वीन द डेव्हिल."

"अँड द डीप सी," सर म्हणाले.

"अ स्टॉर्म."

"इन अ टीकप."

"हेड ओव्हर."

"हील्स."

लेकीने मीटरकडे तोंड फिरवलं. काकू मात्र ऐकत राहिल्या. एकही चुकला नाही. सकाळी दाढीच्या वेळी होता तोच आवाज, तीच ऐट. पान संपलं आणि आत शांत झालं. काकूंनी सगळ्यांत आधी दारातून डोकावून पाहिलं. सर खुर्चीवरच्या मोबाइलसमोर हात वर धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तो चेहरा काकूंना चांगला माहीत होता. गेले पाच महिने त्या तोच रोज बघत होत्या आणि तो आपल्यासाठी आहे असं धरून चालल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी आत आल्यावर समजावून सांगितलं. बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि पाठ झालेलं दुसऱ्या जागी. अशा आजारात पहिली जागा जाते, दुसरी कधीकधी राहते. कोणाला गाणी राहतात, कोणाला पाढे. यांना हे राहिलंय. त्यात त्यांना बरं वाटतं, तेव्हा करत राहायला हरकत नाही. फक्त ते उत्तर नव्हे.

"म्हणजे मी कोण हे त्यांना कळत नाही?" काकूंनी विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही, काकू. कळतही असेल. पण या बोलण्यावरून ते ठरवता येणार नाही."

"मग कशावरून येईल?"

डॉक्टरबाईंनी कप पिशवीत ठेवला, मग कंगवा, मग किल्ली. पिशवीचं तोंड बंद करून त्या उठल्या.

त्या गेल्यावर लेक टेबलापाशी आली. "मी तुला खोटं पाडायला नव्हतं आणलं त्यांना," ती म्हणाली.

"माहीत आहे गं."

"मलाही वाटत होतं, एखाद्या तरी प्रश्नाला..." तिने वाक्य सोडून दिलं. "आज नको सही करूस. जेवून घेऊ, उद्या बघू."

"पेन दे," काकू म्हणाल्या. "मी शब्द दिलाय."

नात्याच्या रकान्यात त्यांनी पत्नी असं लिहिलं. लेक तोंड धुऊन येते म्हणून आत गेली आणि आतला नळ बराच वेळ चालू राहिला. सर हात खाली घेऊन खिडकीकडे बघत होते.

शुश्रूषागृह बसने अर्ध्या तासावर होतं. भेटायची वेळ बुधवारी आणि रविवारी, चार ते सहा. काकू एकही वार चुकवत नव्हत्या. जागा स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती, सरांच्या अंगाला वास येत नव्हता, दाढी रोज होत होती. तक्रारीला कुठे जागाच नव्हती आणि त्याचंही काकूंना वाईट वाटायचं.

आठवडाभरातच तिथल्या लोकांना सरांचा खेळ सापडला. जेवण आणणारी बाई येताजाता "ब्लो हॉट" म्हणायची आणि "अँड कोल्ड" ऐकून खूश व्हायची. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दिवसातून दहा वेळा "अ फिश" म्हणायचे, कारण त्यांना तेवढा एकच यायचा. सर कोणालाच निराश करत नव्हते. काकूंनी मात्र पहिलं अर्धं म्हणणं सोडून दिलं होतं. त्या खुर्ची ओढून बसायच्या आणि घरच्या गोष्टी सांगायच्या. न्हाणीघराचा नळ पुन्हा गळतोय. शेजारणीची नात पास झाली. लेकीला खोकला आहे. सर ऐकून घ्यायचे, भाषा न कळणारा पाहुणा ऐकून घेतो तसे, मान जराशी कलती करून.

पाचव्या रविवारी एक तरुण नर्स काकूंपाशी येऊन घुटमळली. तिला परदेशी जायचं होतं, इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. सरांची छापलेली वही असल्याचं कोणीतरी तिला सांगितलं होतं. बुधवारी काकूंनी पुस्तिका आणून दिली. रविवारी आल्या तेव्हा ती पोर पुस्तिकेच्या पानांच्या कडा दुमडून, खुणा करून बसली होती.

"पंचवीस पानं झाली, काकू," ती म्हणाली. "दुपारी सगळे झोपले की मी सरांशेजारी बसते. मी अर्धं म्हणते, ते पुढचं म्हणतात. सर माझ्याशी फार छान बोलतात हो. बाकी कोणाशी इतकं बोलत नाहीत."

काकूंनी सरांच्या उशीची खोळ सरळ केली. तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "बोलतात ना. शिकवायची पहिल्यापासून आवड त्यांना." आणि थोडं थांबून, "अर्थही वाचत जा हं. आणि कुठे वापरायचं ते. नुसतं पाठ करू नकोस."

"हो काकू," म्हणून ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

खोलीत ऊन तिरपं झालं होतं. भेटीची वेळ संपायला वीसेक मिनिटं होती. सरांची नखं वाढलेली काकूंच्या लक्षात आली. दाढीकडे लक्ष देणाऱ्यांचं नखांकडे गेलं नव्हतं. त्यांनी पर्समधून नेलकटर काढलं, सरांच्या मांडीवर रुमाल पसरला आणि आधी निर्जीव उजवा हात घेतला. त्याचं एकेक बोट त्यांना स्वतःच उचलून धरावं लागलं. मग त्यांनी डावा हात घेतला. अंगठ्याचं नख काढलं, आणि त्या पुढचं बोट धरणार इतक्यात सरांनी ते आपणहून पुढे केलं.

काकूंनी नख काढलं. सरांनी मधलं बोट पुढे केलं. मग त्याच्या शेजारचं. मग करंगळी. दुसरं कोणी नखं काढायला बसलं असतं तरी ती अशीच पुढे झाली असती का, हा प्रश्न काकूंच्या मनात आला, आणि तो कोणालाही विचारायचा नाही असं त्यांनी ठरवलं.

नखं झाली. रुमालाची चारही टोकं जुळवून त्यांनी तो दुमडला. सरांचा हात तसाच पुढे होता, अंगठा पुन्हा वर आलेला. काकूंनी नेलकटरची कानस उघडली, तो अंगठा हातात घेतला आणि घासण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी सावकाश घासायला सुरुवात केली.